कूलर उलटा फिरला तेव्हा

मंडळी, आज भर दुपारी अमरावतीच्या उन्हात आमच्या कूलरची मोटर नुसती गुणगुणत होती, पंखा हलेना. आईनं मागची वाळ्याची ताटी काढून काठीनं पातं ढकललं.

पंखा फिरला, पण वारा आला नाही. उलट खोलीतला पडदा सावकाश उचलला गेला अन् कूलरकडे सरकला. आई बघायला समोर आली, तर तिचा पदर जाळीला जाऊन चिकटला.

"कोन ओढून राह्यलं मले?" ती किंचाळली. मी प्लग उपटला.

मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कंडेन्सर गेला की ही मोटर ढकलाल त्या दिशेनं फिरते. पंखा उलटा फिरून खोलीतली हवा ओढत होता. आईला हे समजावलं.

"समजलं," म्हणाली, अन् उशी घेऊन शेजारी गेली.

नवा कंडेन्सर आणलाय. बसवायला कूलरच्या आत हात घालावा लागेल. मी अजून उठलो नाही. तुम्ही घातला असता काय?