साडभाऊंनी निवडलेला चढ

सपाट रस्ता समोर असताना मुद्दाम चढाचा रस्ता धरणारा माझ्या साडभाऊंसारखा दुसरा माणूस झाला नाही, आणि भंडारा जिल्ह्यात तर होणेही शक्य नाही, कारण आमच्याकडे चढ मुळात थोडे आणि जे होते ते सगळे यांनी वापरून टाकले. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्याच्या एका उपविभागात ते ट्रेसर होते. नकाशावर पारदर्शक कापड पसरायचे आणि जमिनीचा उंचसखलपणा दाखवणाऱ्या रेषा गिरवायच्या, हे त्यांचे काम. बाकीचे ट्रेसर रेषा गिरवून घरी जात. साडभाऊ रविवारी सायकल घेऊन त्या रेषांवरच जात. नकाशात कुठे रेषा दाटीवाटीने जवळ आलेल्या दिसल्या, की मला ऑफिसात बोलावून घेत आणि बोट ठेवून सांगत, "पाहा जी साडभाऊ, काय मस्त चढ हाये!" दुसरा कोणी मुलीचे स्थळ दाखवतानाही इतका खूश होणार नाही.

तुमसर रोड स्टेशनवर गाडी समोरच्याच फलाटाला लागणार असली तरी हे पूल चढून पलीकडे जायचे आणि तसेच परत यायचे. एकदा त्या नादात गाडी सुटली. डब्यात बायको, दोन मुले आणि फराळाची पिशवी निघून गेली आणि हे पुलाच्या मधोमध उभे राहून हात हलवत राहिले. पुढे आठवडाभर घरात त्यांच्याशी कोणी बोलत नव्हते. मी समजूत काढायला गेलो, तर मला म्हणतात, "पण पूल दोनदा झाला ना!" घरात नळ होता, पण आंघोळीचे पाणी विहिरीचेच, आणि विहीरही वाड्यातली नाही, तर टेकाडावरच्या मारुतीमागची. सोपे काही दिसले की त्यांना त्यात काहीतरी खोट आहे असेच वाटे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना रद्दीच्या दुकानात एक जुने इंग्रजी मासिक सापडले. परदेशात माणसे आधी पोहतात, मग सायकल चालवतात, मग धावतात, आणि हे सगळे एका दमात, न थांबता करतात, असे त्यात छापले होते. साडभाऊंनी ते अंतर कागदावर मांडले, दोनाने भागले आणि मला दाखवले. "अर्धं कायले?" मी विचारले, "करायचं तर सगळंच करा ना." ते गंभीरपणे म्हणाले, "सगळं करणाऱ्याले नोकरी नसते जी." मग जरा थांबून म्हणाले, "आपल्या इकडले पोट्टे रोज नदीत पोहतात, सायकल मारतात, बांधाबांधानं धावतात. त्याले कोणी शर्यत म्हणत नाही. आपण म्हणू." एवढे बोलून त्यांनी तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला. मला हसू येत होते, पण मी हसलो नाही.

गावातल्या व्यायामप्रेमी मंडळींची एक समिती होती. तिच्या सचिवांनी अट घातली, की आधी तुम्ही स्वतः हे सहा तासांत करून दाखवा, मग पुढल्या हिवाळ्यात पोरांची शर्यत ठेवू. बपेऱ्याजवळ वैनगंगेत पोहायचे, तिथून सायकल, आणि शेवटी धावत तुमसरच्या एका शाळेचे मैदान गाठायचे. सकाळी सातला सुरुवात, एकच्या आत शेवट. वेळ लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण माझ्याकडे घड्याळ होते आणि मागे मागे फिरायला मोपेड होती. मार्ग मात्र समितीने ठरवला. सपाट, डांबरी, सरळ. साडभाऊ नाराज झाले, पण तयार झाले.

त्या सपाट रस्त्यावर आमची सासुरवाडी होती, हे समितीच्या लक्षात कसे येणार? ओल्या चड्डीत सायकलवर जाणारा थोरला जावई मामाजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, ओट्यावरून पाहिला आणि ते सरळ रस्त्यात आडवे उभे राहिले. "जवाईबापू, दारावरून उपाशी चालले? गावात मी तोंड कसं दाखवू जी?" साडभाऊ शर्यतीचे सांगत होते, मी घड्याळ दाखवत होतो. तोवर पाय धुवायला पाणी आले, पाट मांडला गेला, आत तेलाची कढई चढली. आमच्याकडे जावयाने अशा वेळी उठून जाणे म्हणजे घरावर थुंकणेच. पातोडीचा रस्सा आणि पुऱ्या खाऊन साडभाऊ उठले तेव्हा एक वाजून गेला होता, आणि पाहुणचारात मीही काही कमी खाल्ले नव्हते.

पुढल्या वर्षी साडभाऊंनी समितीला सांगितले, मार्ग मी निवडणार. त्यांनी निवडला तो खाणींकडच्या टेकड्यांतला, जंगलातून जाणारा, खडीचा रस्ता. शेवटी सायकल पायथ्याशी टाकून एक अख्खी टेकडी धावत चढायची आणि पलीकडे उतरून मैदान गाठायचे. समिती थक्क झाली. "काय हिंमत आहे!" असे सचिव म्हणाले. हिंमत कशाची? तो रस्ता सासुरवाडीपासून चांगला तीन कोस लांबून जात होता, हे फक्त मला ठाऊक होते. आणि मला ठाऊक होते म्हणजे ते माझ्या बायकोला ठाऊक झाले. मी जेवताना सहज बोलून गेलो. इथेच माझे चुकले.

त्या दिवशी साडभाऊ जबरदस्त चालले होते. थंडीत नदीतून निघाले ते थेट सायकलवर. चढावर सायकल हातात धरून पळाले. टेकडीच्या पायथ्याशी मी मोपेड उभी केली आणि धापा टाकत त्यांच्यामागे चढू लागलो. सव्वाअकरा झाले होते. पुढे सव्वा तासाचे धावणे होते. पोरांची शर्यत आता होणारच, असे मला पहिल्यांदाच वाटले.

माथ्यावर मोहाच्या झाडाखाली मामाजी बसले होते. पंच्याहत्तरीचे म्हातारे, पायथ्यापर्यंत बैलगाडीने आणि पुढे काठी टेकत चढून आलेले. पुढ्यात फडक्यात बांधलेला डबा आणि पाण्याचा तांब्या. धाप अजून ओसरली नव्हती. "तुमी घरावरून जात नाही म्हणून लेकीनं सांगतलं," ते म्हणाले, "म्हटलं, मीच येतो जी. तुमाले कायले तरास." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. खरचटलेला गुडघा ते धोतराने झाकत होते.

साडभाऊंनी एकदा माझ्या घड्याळाकडे पाहिले. मग खाली बसून मामाजींच्या पाया पडले आणि डबा उघडला. घाई न करता जेवले. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मग मामाजींचा हात धरून त्यांना गाडीपर्यंत उतरवले, आणि तीच टेकडी पुन्हा चढून पलीकडे धावले.

ते टेकडीवरून आणि मी मोपेडने वळसा घालून मैदानावर पोचलो तेव्हा एक वाजून चाळीस मिनिटे झाली होती. "घड्याळ पुढे होतं म्हणून लिहू का?" मी हळूच विचारले. "नाही जी, खरी वेळ लिहा." सचिवांनी उशिराचे कारण विचारले, तर म्हणाले, "चढ जड गेला." टेकडीवरच्या डब्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही. समितीने मार्ग फार कठीण आहे असे ठरवून विषय कायमचा बंद केला. त्या संध्याकाळी ऑफिसच्या पायरीवर साडभाऊ बराच वेळ बसून होते. मी शेजारी जाऊन बसलो.

मामाजी पुढे दोन हिवाळे जगले. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माह्या जवायानं तो डोंगर मारला. म्या सोताच्या डोळ्यानं पायलं." शेवटच्या आजारपणात आम्ही दोघे भेटायला गेलो, तेव्हाही खाटेवरून शेजाऱ्याला तेच सांगत होते. सांगता सांगता मध्येच थांबले आणि मला म्हणाले, "वेळेत गेले होते ना जी? घड्याळ तुमच्यापाशी होतं." साडभाऊ खाली मान घालून त्यांचे पाय चेपत होते.

"हो मामाजी," मी म्हणालो, "एकाला दहा मिनिटं बाकी होती."