दहापैकी किती?

देव्हाऱ्यातले निर्माल्य रोज चिमूटभर निघते. मात्र चार दिवस विसर्जन राहिले की परडी ओसंडून वाहू लागते. मिरजगावच्या आमच्या वाचनालयातले किस्सेही असेच साठत गेले. दोन हजार सालानंतर तात्यांच्या चित्रकथांना गुण देण्याचे घाटले, तेव्हा तर आठवड्याभरातच परडी भरली!

तात्या म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. वीस वर्षे दरमहा पदरमोड करून मागवलेल्या चित्रकथांची लोखंडी ट्रंक त्यांनी वाचनालयात ठेवली होती. ज्याला हवी त्याने न्यावी, वाचावी, परत आणावी.

त्यांचा मुलगा विलास पुण्याहून एका मुंबईकर तज्ज्ञाला घेऊन आला. म्हणाला, "बाबा, हे प्रत्येक अंकाला दहापैकी गुण देतात. मग अंक प्लास्टिकच्या पाकिटात सीलबंद करून दाखला देतात. परदेशात अशा अंकांना फार मान आहे!"

"आन् वाचायचा कसा?" तात्यांनी विचारले.

"वाचायचा नाही. सील फोडलं की दाखला रद्द."

मी हातातली जपमाळ खाली ठेवली. उभ्या आयुष्यात पुस्तकाला समाधी देण्याचा विधी मी प्रथमच ऐकत होतो! तात्या मात्र मुलाचे मन मोडेनात. "आधी गुण तर बघू. मग बंद करायचं का न्हाई, ते ठरवू," एवढेच ते म्हणाले.

*

तज्ज्ञांनी पांढरे हातमोजे चढवले. आम्हाला वाटले, सोवळे असावे. माझा आदर वाढला. पहिलाच अंक त्यांनी उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मुखपृष्ठावर हे लाल-पिवळे डाग कसले?"

"डाग?" मी थरारलो. "अहो, हळदकुंकू आहे ते! दर दसऱ्याला सरस्वतीपूजनात ही ट्रंक आम्ही पाटावर मांडतो. प्रत्येक अंकाला मी स्वतः बोट लावतो."

"प्रत्येक?"

"एकही चुकवलेला नाही!" मी अभिमानाने सांगितले.

तज्ज्ञ मटकन खुर्चीत बसले.

*

त्यानंतर कडांचा विषय निघाला. "या कडा कुणी कापल्या?"

आमचे बुकबाइंडर रहीमभाई पुढे झाले. "म्याच की. लई वाकड्या हुत्या. सूत धरून सरळ केल्या. पाठीला नवा दोराबी घातलाय."

"चाचा, तुम्ही कडा सरळ केल्यात आणि प्रत्येक अंकाचे चार-चार गुण कापलेत!"

रहीमभाई तात्यांकडे वळले. "म्हंजे गुरुजी, वीस वर्सं मी पुस्तकांना मारत हुतो व्हय?"

तात्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "रहीम, तू नसतास तर यांना तपासायला नुसती रद्दी सापडली असती. चहा सांग समद्यांना."

रहीमभाई चहा सांगायला गेले. त्यांना परतायला बराच वेळ लागला आणि आल्यावर त्यांचे डोळे लाल होते. विलास त्यांच्याकडे पाहू शकत नव्हता.

*

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मी माझी पारायणाची पोथी घेऊन गेलो. आजोबांपासून चालत आलेली. तिच्या पानांवर तुपाचे ठिपके आहेत, कापराची काजळी आहे, आणि करुण प्रसंगांवर तीन पिढ्यांची आसवे आहेत. म्हटले, "हिला किती?"

तज्ज्ञ संकोचले. "राहू द्या ना, आजोबा."

"सांगा. मी वारकरी माणूस आहे, निंदा-स्तुती समान मानतो."

"दीड."

समान मानता आले नाही! तिरीमिरीत घरी आलो आणि पत्नीला सांगितले. ती तुळशीला पाणी घालत होती. मागे वळूनही न पाहता म्हणाली, "पोथीला दीड, तर इतकी वर्षं ती वाचून तुम्हाला किती हो?"

*

तिसऱ्या दिवशी तात्यांनी विचारले, "साहेब, तुमच्यात दहापैकी दहा कुणाला?"

"छापल्यापासून ज्याला कुणाचा हातच लागला नाही, त्याला."

"कुणी घरी नेलं न्हाई, कुणी वाचलं न्हाई, त्याला?"

"बरोबर!"

"आमच्या साळंत अशाला नापास म्हनत्यात," तात्या म्हणाले. विलासकडे वळून पुढे म्हणाले, "ठरलं. एकबी अंक बंद करायचा न्हाई."

*

निघण्यापूर्वी तज्ज्ञांनी ट्रंकेचा तळ चाचपला आणि ते किंचाळलेच! टपालाने चुकून दोनदा आलेला एक अंक मूळ वेष्टनात तसाच पडून होता. "साडेनऊ! कुणी हात लावू नका!"

अंक पाहून आम्हीच अवाक झालो. ही गोष्ट गावाला पाठ होती. एक कुंभार पूर ओलांडून राक्षसाच्या बेटावर आपल्या रुसलेल्या भावाला आणायला जातो. पण आमच्या प्रतीची शेवटची दोन पाने, प्रत आली त्याच वर्षी, शेळीने खाल्ली होती. तात्या शेवट तोंडी सांगत: भाऊ भावाला मिठी मारतो आणि दोघे घरी येतात. तो ऐकूनच गेनबा आणि दगडू या भावांनी बांधावरून धरलेला सात वर्षांचा अबोला सोडला होता. दोघे तिथेच दाराशी बसले होते.

"तात्या, तुमी शेवट कुठं वाचला हुता?" दगडूने सहज विचारले.

तात्यांनी सरळ वेष्टन फाडले. "साडेनऊ गेले!" तज्ज्ञ ओरडले. तात्यांनी शेवटची दोन पाने उघडली. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसलो होतो.

"मोठ्यानं वाचा की!" गेनबा म्हणाला.

तात्यांनी अंक मिटला आणि तज्ज्ञांच्या हाती दिला. "एवढा एक सील करा. घट्ट."

"पण आता याला आठसुद्धा..."

"शून्य द्या. पन कुनाला उघडता येऊ नये."

गेनबाने तात्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "अण्णा, तुमी बी बघितलं न्हवं? शेवट त्योच हाय ना?"

त्या दिवशी एकादशी होती. माझ्या गळ्यात माळ होती.

"तोच आहे," मी म्हणालो.