माझी आय म्हणते

स्नेहलला लिहायला मी शिकवलं. हे कौतुकानं सांगत नाही, कबुली देते आहे. टोकावड्याच्या शाळेत मी सव्वीस वर्षं मराठी शिकवलं. कान धरून लिहायला बसवावी अशी पोरं ढिगानं भेटली. वहीतून मान वर काढ म्हणून ओरडावं लागलं ते फक्त हिच्यावर.

नववीत ‘आमच्या भागातली जत्रा’ असा निबंध दिला होता. बाकीच्यांनी पाळणे, खाजा आणि बैलांचा बाजार यांवर वेळ मारून नेली. स्नेहलनं लिहिलं, की ती तान्ही असताना तापानं फणफणली, तेव्हा तिच्या आईनं जिथं ती जत्रा भरते त्या म्हसा गावच्या देवाला नवस बोलला. पोर जगली तर सात वर्षांची झाल्यावर मुरबाडपासून अनवाणी चालत येईल. पोर जगली आणि पौषातल्या थंडीत खरोखरच चालली. ‘नवस आय बोलली, फेडला माझ्या पायांनी,’ हे तिचं शेवटचं वाक्य होतं. मी तो निबंध वर्गात वाचून दाखवला आणि वर सगळ्यांना बजावलं, “घरचं माणूस आणा रे लिहिण्यात, वाचणारा तिथंच विरघळतो.” मोठी शहाणी होते मी!

तिचा बाप ती लहान असतानाच गेला होता. आई हौसा पावसाळ्यात भात लावायची आणि एरवी माळशेजच्या रस्त्यावरच्या ढाब्यावर भाकऱ्या थापायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण लेक लिहीत बसली की ही आपली भांडीसुद्धा आवाज न करता घासायची. स्नेहलनं बी. ए. करून कल्याणला आठ महिने नोकरी केली. मग हौसाचा बीपी वाढलेला निघाला, रोजची गोळी लागली, आणि पोरगी घरी परतली ती मोबाईलवरचं काम घेऊनच.

ते काम असं. माल कंपनीचा, बनवणार कंपनी, पाठवणार कंपनी. स्नेहलनं फक्त त्याच्याबद्दल असं लिहायचं, की वाचणाऱ्यानं तिची लिंक दाबून तो मागवावाच. मागवला की तिला टक्का. माल तिनं डोळ्यांनी पाहिलेला असायचाच असं नाही. तिच्या जाहिरातींची सुरुवात ठरलेली होती, ‘माझी आय म्हणते’. आय म्हणते, या मलमानं टाचांच्या भेगा बुजल्या. आय म्हणते, या तव्याला भाकरी चिकटत नाय. लोकांना ती आय फार आवडायची. शहापूर-मुरबाडच नव्हे, पार नाशिकपर्यंतच्या बायका त्या आयची चौकशी करायच्या.

एकदा ती माझ्याकडे आली आणि मोबाईल पुढं केला. “बाई, बघा ना, तुमी शिकवलाव तसाच लिवलाय.”

जाहिरात बीपीच्या एका पावडरीची होती. ‘माझी आय म्हणते, चुलीपुढं उभी राहिले की घेरी यायची, पण आता पाच महिने ही पावडर घेते आणि गोळीला हात लावलेला नाय.’

“हौसानं गोळी बंद केली?” मी विचारलं.

“नाय ओ बाई. जाहिरात हाय ती. सगळेच असा लिवतात.”

तिथं मी तिच्या थोबाडीत द्यायला हवी होती. त्याऐवजी मी चष्मा लावला आणि म्हटलं, “पहिलं वाक्य लांबलंय. घेरीपाशी तोड.” तिनं तोडलं. ते आणखी चांगलं झालं, हेही मीच तिला सांगितलं.

ती जाहिरात धडाक्यात चालली. कुठल्या गावातून ऑर्डर आली ते स्नेहलला दिसायचं, नाव मात्र दिसायचं नाही. “बाई, आपल्या टोकावड्यातनं पण कोणतरी घेतं, दर महिन्याला!” असं ती मला बाजारात थांबवून सांगायची. गावातल्या माणसानं आपलं लिहिलेलं मानलं, याचाच तिला आनंद. घरी ती दर महिन्याला मुरबाडहून आईच्या गोळ्या न चुकता आणायची. सकाळी “आय, गोळी घेतलीस?” विचारायची आणि हौसा मान हलवायची.

मार्गशीर्षात खळ्यावर भात झोडताना हौसा खाली बसली, ती उठलीच नाही. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. मुरबाडहून कल्याणला नेलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत? स्नेहल त्याच्याशी भांडली. “बंद नाय! मी स्वतः आणून देते!” दवाखाना दणाणून सोडला पोरीनं.

तिसऱ्या दिवशी आईचं लुगडं आणायला ती घरी गेली, तेव्हा मी बरोबर होते. लुगड्याच्या गाठोड्यामागं भाताची कणगी होती. तिच्या बुडाशी चिंधीत बांधलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या, पाच महिन्यांच्या, एकही गोळी न फोडलेली. शेजारी त्या पावडरीचे पाच डबे होते, चार रिकामे, एक अर्धा. स्नेहल त्या डब्यांकडे बघत राहिली. डबा हातात घेण्याची तिची ती पहिलीच वेळ होती.

आमच्या मागून आत आलेली शेजारची रंभा पट्ट्या बघून रडायलाच लागली. ही हौसाबरोबर ढाब्यावर भाकऱ्या करायची. स्नेहलच्या जाहिराती मोबाईलवर वाचून दाखवणारी हीच, आणि पावडर मागवून देणारीही हीच.

“मी बोलले तिला, हौसा, गोळी नको सोडू गो,” रंभा म्हणाली. “तर माझ्यावरच चिडली. बोलली, पोरगी लहान होती तवा मी तिच्या नावानं नवस बोलले. तिनं चालत जाऊन फेडला का नाय? तिचे पाय फुटले, तरी बोलली नाय का आय, तू कशाला बोललीस. आता तिनं माझ्या नावानं बोललाय, सगल्या मुलखासमोर. पाच महिने गोळी नाय, असा बोललाय. तो मी नको फेडायला? माझी पोर खोटी पडंल.”

स्नेहल रडली नाही. “पाच महिने,” एवढंच म्हणाली. “मी तीन पण लिवू शकले असते, बाई.”

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. मला त्या निबंधाची वही जाळावीशी वाटली. आणि माझी जीभही.

हौसा घरी आली. चालते थोडं, भिंतीला धरून. बोलणं मात्र गेलं. ‘अ’ आणि ‘आ’ यांच्या मधलं काहीतरी येतं, तेवढंच. स्नेहलनं सगळ्या जाहिराती काढून टाकल्या आणि खरं काय घडलं ते लिहिलं. सवयीनं तिची सुरुवात तीच झाली, ‘माझी आय म्हणते’. पुढचं किती जणांनी वाचलं देव जाणे. खाली पहिल्याच बाईनं विचारलं होतं, ‘ताई, लिंक पाठवा ना.’

परवा सकाळी मी त्यांच्याकडे गेले होते. स्नेहलनं आईच्या तोंडापाशी गोळी नेली, तर हौसानं ओठ घट्ट मिटले. डाव्या हातानं गोळी दूर लोटली आणि फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं.

“रोज असाच करते,” स्नेहल मला हळूच म्हणाली. “ते मी खोटा लिवला होता, असा हजारदा सांगितला. कानावर हात ठेवते. पटतच नाय तिला.”

मग ती आम्हा दोघींकडे पाठ करून चुलीपाशी बसली. डॉक्टरला विचारून घेतलेलं होतं तिनं, गोळी कुटून दिली तर चालेल म्हणून. खलात गोळी बारीक केली आणि फळीवरचा तो डबा काढला. आता त्यात भाजलेल्या नाचणीचं पीठ असतं. त्यातलं चमचाभर पीठ गोळीच्या भुकटीत मिसळून तिनं पेजेत कालवलं आणि वाटी आईपुढं धरली.

“घे आय, पावडर हाय,” ती म्हणाली. “मी लिवलेली, तीच.”

हौसानं तोंड उघडलं आणि सगळी वाटी संपवली. मग डावा हात लेकीच्या गालावरून फिरवला आणि माझ्याकडे बघून मोठ्या अभिमानानं मान हलवली, पोरीचा निबंध वाचून दाखवला होता त्या दिवशी शाळेच्या दारात हलवली होती तशीच.