गिव्हिंग आणि टू गिव्ह

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकेल — चौथीपर्यंतच शिकले, सांभाळून घ्या. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

इकडे उत्तरेत, तेलीबागेत आमच्या शेजारी केरळच्या एक नर्सबाई राहतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्यांचं हिंदी कच्चं, मराठी तर त्यांना येतच नाही — मग आम्ही दोघी तुटक्या इंग्रजीत बोलतो. नवरा फौजेत, तेव्हा बॉर्डरवर होता. मुलगी आजारी पडली, आणि सिस्टरनी न मागता तीन हजार उसने माझ्या हातात ठेवले.

काही महिन्यांनी जिन्यात त्यांनी संकोचत पैशांचं विचारलं. मला म्हणायचं होतं — द्यायचे आहेत, लक्षात आहे. मी म्हणाले, "आय रिमेंबर गिव्हिंग, सिस्टर."

त्या थबकल्या. "सॉरी, सॉरी. माय हेड," म्हणत त्यांनी कपाळावर हात मारला. मला वाटलं, मुदत वाढवून दिली.

मग मुलगी एकदा इंग्रजीचं व्याकरण घोकत होती. मी सहज माझं ते वाक्य विचारलं. ती हिंदीतच उत्तर देते — "अरे मम्मी, रिमेंबर गिव्हिंग मतलब दे चुकी, याद है. देना बाकी है तो टू गिव्ह."

म्हणजे दिल्याचं आठवतं, आणि द्यायचं आठवतं. मराठीत मी हे कधी चुकले असते का?

इथवर ती चूक होती. पुढचं — पुढचं मी केलं. दार शेजारचंच होतं, का नाही वाजवलं? पैसे नव्हते, पण तोंड तर होतं. दोन वर्षं मी गप्प राहिले. सिस्टर मात्र स्वतःच्या आठवणीवरच संशय घेऊ लागल्या. गॅस बंद करायचा, दूधवाल्याचे पैसे द्यायचे — सगळं पेनाने तळहातावर लिहायच्या. तो हात मी रोज बघायचे.

साड्यांना फॉल-पिको करून पैसे साठवले. काल दार वाजवलं.

"सिस्टर, नॉट गिव्हिंग. टू गिव्ह. मुझे पता था."

त्यांचा हात कपाळाकडे गेला. मग हळूच म्हणाल्या, "सो माय हेड इज ओके?"

"व्हेरी ओके."

त्या हसल्या नाहीत. पण दारातून बाजूला झाल्या, मला आत येऊ दिलं. नोटा मी त्यांच्या त्याच तळहातावर ठेवल्या, निळ्या अक्षरांवर. तीन हजार, पूर्ण.