गाय अडली, रेस सुटली

"तू गप बस अन् शेपटी धर."

भोकरदन तालुक्यात ज्याच्या गोठ्यात कधी जनावर आजारी पडलं असेल, त्यानं हे वाक्य ऐकलेलंच असणार. मालक म्हशीचा इतिहास सांगायला लागला की आमचे डॉक्टर त्याला एवढंच म्हणत आणि रबरी हातमोजा खांद्यापर्यंत चढवत. पुढं ही सवय इतकी जडली की मुलीच्या लग्नाच्या बैठकीत व्याही मानपानाचं बोलू लागले तेव्हाही डॉक्टरांच्या तोंडून तेच निघालं, फक्त आदरार्थी. लग्न झालं. व्याही मात्र अजूनही त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसतात.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे. मी त्यांचा शेजारी, शाळेत भूगोल शिकवायचो. सगळी नोकरी त्यांनी मोटारसायकलवर खेडी पालथी घालत केली. दर रविवारी त्यांच्या घरून आरडाओरडा ऐकू यायचा. नवा माणूस नवरा-बायकोचं भांडण समजून थांबायचा. आम्हांला माहीत असायचं की टीव्हीवर मोटारसायकलची रेस चालू आहे आणि डॉक्टर कोणा परदेशी पोराला बैल हाकल्यासारखं हाकत आहेत.

निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. डॉक्टर एके सकाळी माझ्या अंगणात आले आणि चहा घेता घेता म्हणाले, "मास्तर, मी युरोपात चाल्लो. जर्मनीत मोटारसायकल भाड्यानं घ्यायची अन् डोंगर उतरून इटलीत रेस बघायची."

सोबत कोण, असं मी विचारलं.

"कोणीच न्हाई. सोबतीला माणूस असला की बोलावं लागतं."

गावात चर्चेला ऊत आला. म्हातारपणी डोकं फिरलं, हे एक मत. दुसरं मत असं की डोकं पहिल्यापासूनच फिरलेलं होतं, आता फक्त पासपोर्ट निघाला. वहिनींनी पहिल्या दिवशी जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि मग त्यांच्याशी बोलणंच टाकलं. चहा पुढ्यात आदळायचा, जेवायला वाढलं की भांडं वाजायचं. निघण्याच्या दिवशी त्यांनी पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी भरली, पण निरोपाला दारात आल्या नाहीत. रिक्षा वळेपर्यंत डॉक्टर मागं बघत होते. हा माणूस मागं वळून बघताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

तिकडचं सगळं त्यांनी आल्यावर सांगितलं. पहिल्याच दिवशी मोठ्या रस्त्यावर पोलिसांनी अडवलं. जगातली सगळ्यात वेगवान रेस बघायला निघालेल्या या माणसाचा गुन्हा काय, तर गाडी फार हळू चालवली. ऑस्ट्रियाच्या घाटात थंडीनं दात वाजू लागले, तेव्हा हेल्मेटच्या आत माकडटोपी घातली. ती डोळ्यांवर सरकली आणि एक वळण त्यांनी केवळ अंदाजानं घेतलं. दर वळणावर आपल्या पद्धतीनं हॉर्न वाजवायचे. लोक शिवी दिल्यासारखं बघायचे. शेवटी इटलीत पोहोचले आणि रेसच्या मैदानापासून डोंगरापलीकडं एका शेतघरात खोली घेतली. घरमालकीण त्यांच्याच वयाची, एकटी, चार गाई पाळणारी. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळं दोघांचं चांगलं जमलं.

रेसच्या सकाळी डॉक्टर जाकीट घालून, तिकीट खिशात ठेवून गाडीपाशी आले, तर गोठ्यातून ओळखीचा आवाज. गाय अडली होती. पांढरी, हत्तीएवढी गाय. बाईनं तिथल्या डॉक्टरला केव्हाच फोन केला होता, पण रेसच्या गर्दीनं रस्ते तुंबले होते आणि तो मध्येच कुठंतरी अडकला होता. बाईनं घड्याळ दाखवलं, रस्ता दाखवला, तुम्ही निघा असं हातानं सांगितलं.

"निघणारच व्हतो, मास्तर," ते मला म्हणाले. "गाडी चालूपण केली. मंग ती गाय पुन्हा हंबरली."

जाकीट काढून त्यांनी खुंटीला अडकवलं, साबणानं हात धुतले. वासराचा पुढचा पाय मागं मुडपला होता. बाई घाबरून सारखी बोलत होती. डॉक्टरांनी तिला शुद्ध मराठवाडी मराठीत गप बसून शेपटी धरायला सांगितलं. आणि तिनं धरली. स्वयंपाकघरातला टीव्ही चालू होता. तिकडं रेस सुटली, इंजिनांचा आवाज गोठ्यापर्यंत आला, आणि डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात. कोण पुढं गेलं, कोण पडलं, काही कळेना. पाय सरळ करायला फार वेळ लागला. दोरी बांधून दोघांनी मिळून ओढलं, तेव्हा कुठं वासरू गवतावर आलं. श्वास घेत नव्हतं. डॉक्टरांनी नाकातोंडातली घाण काढली, गवताच्या काडीनं नाकात खाजवलं, छाती चोळली. शेवटी ते शिंकलं.

टीव्हीवर तेव्हा बक्षीस समारंभ चालला होता.

संध्याकाळी तरी ते मैदानावर गेलेच. माणसं परतत होती, हे एकटे उलट्या दिशेनं. रिकाम्या ट्रॅकवर थोडं चालले. कुठल्याशा वळणावर टायरांचे काळे पट्टे उमटले होते, तिथं बसून उरलेला धपाटा खाल्ला. पहारेकऱ्यानं उठवलं, तेव्हा परत फिरले. वाईट वाटलं का, असं मी विचारलं. म्हणाले, "वाटलं ना. येताना रडलो थोडा. हेल्मेट व्हतं म्हणून बरं."

परत आल्यावर एका मंडळानं त्यांचा सत्कार ठेवला. थोडी थाप मारली असती तरी कोण तपासायला जाणार होतं? पण डॉक्टरांनी माइकवर खरं तेच सांगितलं. सभागृह हसून हसून लोळलं. इथं काय गाई कमी होत्या, असं मागून कोणीतरी ओरडलं, आणि शाल-नारळ घेताना डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. नवरा परतल्यापासूनही त्या बोलल्या नव्हत्या. सगळे हसत असताना त्या उठल्या आणि तिथूनच त्यांनी विचारलं, "अहो, वासरू जगलं का?"



"जगलं," डॉक्टर म्हणाले. "कालवड हाय."

"मग बरं केलंत," वहिनी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्यानंतर डॉक्टरांच्या छातीचं दुखणं निघालं आणि मुलानं दोघांना पुण्याला नेलं. शेजारच्या घरात आता नवे भाडेकरू आहेत, सज्जन आणि कमालीचे शांत. रविवार अगदी मिळमिळीत जातो.

मागच्या खेपेला पुण्याला गेलो, तेव्हा त्यांच्या फ्लॅटवर ती दोघं नव्हती. सुनेनं खाली पार्किंगमध्ये पाठवलं. डॉक्टरांना गाडी चालवायला बंदी आहे. मोटारसायकल स्टँडवर उभी होती, डॉक्टर तिच्यावर बसलेले, हँडलला मोबाइल बांधलेला, त्यावर रेस. मागच्या सीटवर वहिनी, मांडीत परात घेऊन मेथी निवडत होत्या. वर टीव्हीवर नातवाचं कार्टून असतं, असं त्यांनी मला समजावलं. डॉक्टरांनी हातानंच थांबायची खूण केली. रेसचा शेवट आला होता.

वळण आलं. डॉक्टर गुडघा बाहेर काढून डावीकडं झुकले. मागं वहिनीही मेथीतून मान वर न काढता डावीकडं झुकल्या.