भाऊंच्या पिकअपमागचं ग्लायडर

हातातला चहा आधी खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना तो नाकातून येतो, असा अनुभव आहे.

तुम्हाला काय वाटतं, शिकलेला माणूस मूर्खपणा कमी करतो? छे हो! तो फक्त यादी करून करतो.

आम्ही इंजिनिअरिंगच्या तिघांनी, म्हणजे मी, मयूरी आणि रोहनने, जळगावात मेहरूणच्या एका शेडमध्ये दोन वर्षं खपून ग्लायडर बनवलं. एका माणसाचं, बिनइंजिनाचं. दोर बांधून गाडीने पळवायचं, वेग आला की ते उचलतं. मग आत बसलेल्याने खटका ओढून दोर सोडायचा. बसणार मयूरी. आमच्यात ग्लायडिंग शिकून आलेली ती एकटीच.

जागा शिंदखेड्याजवळ तिच्या घरचं माळरान. गाडी तिच्या वडिलांची, भाऊंची पिकअप. आणि अटही भाऊंचीच.

"एकच डाव देखसू. मनी पोरले काही व्हयनं, ते तुन्हं इमान चुल्हामा घालसू!"

"भाऊ, माझा शब्द! विमान चुलीत जाणार नाही, तिला साधं खरचटणारही नाही."

गाडी मीच चालवणार, असा मी हट्ट धरला. वेगाचं गणित भाऊंना कुठून कळणार? भाऊ शेजारच्या सीटवर येऊन बसले. "गाडी मनी शे, पोर मनी शे. मी आठेच बठसू."

सकाळची वेळ. ऊन चढलं की वारा उठतो, म्हणून मला घाई. हातात माझी एकवीस कलमी यादी. कलम विसावं : खटका ओढून दोर सुटतो का पाहणे. मयूरीने खटका ओढला. दोर टपकन खाली पडला. उत्तम! बरोबरची खूण केली.

कलम एकविसावं वाचणार, तोच मयूरीची आई, अक्का, नारळ घेऊन आल्या.

"अक्का, हे विज्ञान आहे!"

"मंग विज्ञानले नारळ चालत नही का, भो?"

झालं! मी माळरानावर उभं राहून अंधश्रद्धेवर भाषण दिलं. चांगलं दहा मिनिटं! अक्कांनी ते शांतपणे ऐकलं आणि नारळ फोडला. तोवर गवत हलायला लागलेलं. मी चिडलो, एकविसाव्या कलमापुढे न वाचताच खूण केली आणि गाडीत जाऊन बसलो.

चाळीस. पन्नास. साठ!

आरशात नुसती धूळ. पण माझी छाती अशी फुगलेली की विचारू नका. "भाऊ, बघा! गाडीला जरासुद्धा ओढ जाणवत नाहीये. याला म्हणतात डिझाईन!"

"उडनी का?"

"उडाली म्हणजे काय! तुमची पोरगी आभाळात आहे, भाऊ!"

भाऊंनी टोपी काढली आणि हात जोडले. एवढ्यात भाऊंकडे सांभाळायला दिलेला माझा फोन वाजला. रोहनचा. तो तिकडे ग्लायडरचा पंख धरायला उभा होता.

"उचलू नका भाऊ! आता लक्ष विचलित नको!"

फोन पुन्हा वाजला. पुन्हा. आनंद आवरत नसेल बिचाऱ्याला!

माळ संपला. गाडी थांबवली, उडी मारून उतरलो, वर पाहिलं.

आभाळात एक घार होती.

बस्स. घार.

"कोठे शे मनी पोर?" भाऊंचा आवाज एकदम बारीक झाला.

"वर..."

"वर कोठे?"

मी चौफेर नजर फिरवली. बाजूला भाऊंचा कपाशीचा प्लॉट. पडली असेल तर तिथेच! मी "मयूरी! मयूरी!" ओरडत कपाशीत शिरलो. मागून भाऊ अनवाणी. एकेक ओळ हाताने बाजूला करत पुढे घुसत होतो. दोन वर्षं, शब्द, डिझाईन, सगळं गेलं खड्ड्यात. ती फक्त जिवंत असू दे!

फोन परत वाजला. या वेळी भाऊंनी उचलला.

"भाऊ," पलीकडून मयूरी, "त्या शहाण्याला विचारा, मला सोडून कुठे निघालाय?"

आम्ही दोघं पिकअपमागे आलो. दोराचं मोकळं टोक धुळीत पडलेलं. खिशातली यादी काढली. कलम एकविसावं : दोर पुन्हा अडकवणे.

भाऊंनी ते टोक उचलून धूळ झटकली. आता 'बंद करा' म्हणणार, मी मनात म्हटलं.

"किल्ली दे," भाऊ म्हणाले. "तू मांगे बठ. मांगे तोंड करीसन. काही इपरीत दिसनं, ते टपावर थाप मार."

दुसऱ्या खेपेला दोर भाऊंनी स्वतः अडकवला, तीनदा हिसकून पाहिला. गाडी निघाली. दोर ताणला गेला. धुळीतून ग्लायडरचं नाक वर आलं, चाक जमिनीवरून उचललं...

आणि माळावर एकच आरोळी उठली!

मयूरी अलगद उतरली. हेल्मेट काढून धावत आली, चेहरा नुसता फुललेला. "भाऊ, किती वर गेले मी? सांगा ना!"

"मी ते पुढे पाही ऱ्हायनू व्हतू," भाऊ हसले. "याले इचार. हाऊच व्हता मांगे तोंड करीसन."

सगळे माझ्याकडे वळले. आता काय सांगणार, कपाळ? चाक उचलल्यापासून मी डोळे गच्च मिटून बसलो होतो!