लाल गाडीचे लुकलुकणारे दिवे

बाबा निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांनी दोन सीटची, जुनी, लाल स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा डोंबिवलीतल्या आमच्या अख्ख्या सोसायटीने तोंडात बोटं घातली. एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीच्या इलेक्ट्रिकल विभागात जन्म काढलेला माणूस, कामावर जायचा तो सायकलवरून. आई म्हणाली, म्हातारचळ लागलाय. पण दर रविवारी संध्याकाळी तीच गाडीत बसायची आणि दोघं शहाडच्या पुलापर्यंत फेरी मारून यायची. तिथे जाऊन काय बोलायची देव जाणे. आल्यावर दोन दिवस आईची घरात कुणावर चिडचिड नसायची.

गेल्या दिवाळीच्या सुमारास बाबा सांगायला लागले की गाडीचे दिवे लुकलुकतात. सिग्नलला थांबलं की मंदावतात, ॲक्सिलरेटर दिला की भडकतात. कल्याणच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने आधी बॅटरी बदलली, मग अल्टरनेटर उघडून दुरुस्त केला. फरक शून्य. त्याच दिवसांत बाबांनी पार्किंगच्या खांबाला गाडीचा आरसा घासला. आईने मला ठाण्याला, नौपाड्याच्या घरी फोन केला. ‘‘दिवे बिवे काही नाही गं. यांच्याच डोळ्यांपुढे लुकलुकतंय. डॉक्टरकडे चला म्हटलं तर ऐकत नाहीत. तू सांग.’’

मी सांगितलं. जरा जास्तच सांगितलं. माझी जीभ एकदा सुटली की आवरत नाही. बाबा, दिवे ठीक आहेत, तुमचे डोळे गेलेत, गाडी चालवणं बंद करा, कुणाला तरी उडवाल. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘तू येऊन तपास. दिवे हलत नसतील तर चावी तुझ्या हातात ठेवतो. हलत असतील तर हा विषय परत काढायचा नाही.’’

मी ठाण्यात प्रयोगशाळेची यंत्रं दुरुस्त करते. मीटर कसा धरायचा ते बाबांनीच शिकवलेलं. रविवारी दुपारी गेले. इमारतीखालचं पार्किंग भरदुपारीही अंधारं असतं. गाडी भिंतीसमोर उभी केली, बाबा स्टिअरिंगवर बसले, इंजिन चालू करून दिवे लावले आणि मी भिंतीवरच्या उजेडाकडे बघत राहिले.

उजेड थरथरत होता. अगदी स्पष्ट.

मला स्वतःची लाज वाटली. म्हाताऱ्या माणसाचं खरं होतं आणि आम्ही मायलेकींनी त्याला आंधळा ठरवून टाकलं होतं. बॉनेट उघडलं. इंजिन चालू असताना अल्टरनेटरवर चौदाच्या वर व्होल्ट, बॅटरीवर मात्र साडेबारासुद्धा नाहीत. म्हणजे वीज तयार होत होती, पोचत नव्हती. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली आणि दुसरी गाडीच्या पत्र्यावर. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. पावणेदोन आले. अर्थिंगच खराब होतं. इंजिन बंद करायला सांगून, निगेटिव्हची वायर पत्र्याला जिथे आवळलेली असते तो बोल्ट मी पान्याने सोडवला.

वायरच्या टोकाखाली काळा रंग होता. दोन हात दिलेला, गुळगुळीत, सुंदर रंग.

कंपनीत खंडेनवमीला सगळी यंत्रं पुसून, रंगवून पुजायची पद्धत होती. निवृत्तीनंतर बाबांनी ती या गाडीवर चालू ठेवली. दर वर्षी बॉनेटखालचा एकेक बोल्ट सोडवायचा, पत्रा घासून रंगवायचा, वर झेंडूची माळ. पण अर्थिंगची जागा ते कोरीच ठेवायचे, रंगातून वीज जात नाही म्हणून. कंपनीत एकाने ती रंगवली म्हणून त्यांनी त्याला अख्खं पॅनेल पुन्हा उघडायला लावलं होतं, ही गोष्ट आम्ही जेवताना शंभरदा ऐकलेली. अंगठ्याएवढी ती जागा बाबा विसरणं शक्य नव्हतं. या खेपेला ती त्यांना दिसली नव्हती, एवढंच.

मी पॉलिश पेपर घेतला आणि पत्रा चकचकीत होईपर्यंत घासत बसले. बोल्ट आवळला, गाडी पुन्हा सुरू करायला लावली. बॅटरीवर चौदा व्होल्ट, भिंतीवर उजेड स्थिर.

‘‘काय होतं?’’ बाबांनी आतून विचारलं.

‘‘बोल्ट ढिला होता.’’

विजेच्या बाबतीत मी त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. त्यांनी गाडी बंद केली, खाली उतरले, बॉनेटखाली वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग हात पुढे करून अंगठ्याने बोल्टाच्या कडेचा पत्रा चाचपला, रंग जिथे संपत होता तिथे अंगठा थांबला.

‘‘कडेपर्यंत घासलंस ना नीट?’’

‘‘हो.’’

‘‘दिवे हलत होते, हे तरी खरं ना?’’

‘‘खरं होतं, बाबा. माझंच चुकलं.’’

‘‘झालं तर मग,’’ असं म्हणून ते फडक्याला हात पुसत राहिले. ठरल्याप्रमाणे ते जिंकले होते. मी तो विषय परत काढणार नव्हते, माझी हिंमतच नव्हती. त्यांनी खिशातून चावी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

‘‘एक फेरी मारून बघू,’’ म्हणाले. ‘‘तू चालव.’’

ते गाडीला वळसा घालून गेले आणि आईच्या सीटवर बसले. सवयीने उजव्या खांद्यामागे हात नेऊन पट्टा शोधू लागले. तो डाव्या बाजूला होता. मला सांगता आलं असतं. मी समोर भिंतीकडे बघत बसले, त्यांना तो सापडेपर्यंत.